हमीच्या मुदतीतील मोटारसायकल व तिचे इंजिन ऑइल

जळगाव व धुळे जिल्ह्यांतील शेतकऱ्याच्या दारी पूर्वी बैलगाडी असे, आणि तिच्या आसाला ओंगण केव्हा व किती घालावे हे घरातील पोरांनाही ठाऊक असे. आज पुष्कळ घरी बैलगाडीच्या जोडीला, तर काही घरी तिच्या जागी, मोटारसायकल आली आहे. पहाटे डेअरीवर दूध पोहोचविणे, खताची गोणी मळ्यात नेणे, रात्रीच्या पाळीची वीज आली म्हणजे पंप सुरू करण्यास शिवारात जाणे, केळीच्या बागेत मजुरांचा डबा पोहोचविणे, ही सर्व कामे ती करते. म्हणून ती शेतीच्या अवजारांपैकीच एक समजली पाहिजे व तिची निगाही त्याच दृष्टीने राखली पाहिजे.

या निगेतील सर्वांत कमी खर्चाची, पण सर्वांत अधिक गैरसमजांची बाब म्हणजे इंजिन ऑइल होय. नव्या गाडीसोबत कारखाना काही वर्षांची किंवा काही हजार किलोमीटरची हमी, म्हणजे वॉरंटी, देतो. ही हमी बिनशर्त नसते. इंजिन बिघडून गाडी दुरुस्तीस गेली म्हणजे प्रथम पाहिल्या जातात त्या सेवापुस्तिकेतील नोंदी, आणि त्यानंतर इंजिनातील तेल. तेथे उणीव आढळल्यास पिस्टन, सिलिंडर किंवा क्लच यांच्या दुरुस्तीचा काही हजारांचा खर्च मालकाच्या माथी येतो. चारपाचशे रुपयांच्या डब्यावरून एवढे नुकसान व्हावे ही खेदाची गोष्ट आहे. त्यातही विशेष असे की, ही चूक बहुधा आळसामुळे घडत नाही. ‘आपल्याकडे ऊन फार, जाड ऑइल टाका’ किंवा ‘ट्रॅक्टरचे चांगले ऑइल घरात आहेच, तेच घाला’ अशा सद्हेतूने दिलेल्या सल्ल्यामुळे ती घडते. सबब तेलाची निवड कोणत्या आधाराने करावी हे समजून घेणे अगत्याचे आहे.

एक तेल, तीन कामे

जुन्या पिढीतील शेतकऱ्यांनी राजदूत, लूना किंवा जुन्या घडणीची स्कूटर वापरलेली असते. त्या गाड्यांची इंजिने दोन स्ट्रोकची होती. त्यांत तेल पेट्रोलमध्ये मिसळावे लागे व ते पेट्रोलबरोबर जळून जाई. प्रत्येक वेळी ताजे तेल पोटात जात असल्यामुळे इंजिनातील तेल बदलण्याचा प्रश्नच नसे. सन १९८५ मध्ये हीरो होंडाची सीडी १०० ही गाडी भारतात आली व त्यानंतर चार स्ट्रोकच्या मोटारसायकलींचा प्रसार झाला. या इंजिनात तेल जळत नाही. ते तळाच्या भांड्यात राहते आणि पंपाच्या साह्याने पुन्हा पुन्हा फिरविले जाते. गाडी बदलली, पण ‘तेल भरायचे असते, बदलायचे नसते’ ही जुनी समजूत अजून पुष्कळ ठिकाणी टिकून आहे. जुन्या गाडीसाठी आणून ठेवलेले दोन स्ट्रोकचे, म्हणजे ‘२टी’ असे लिहिलेले, तेल चार स्ट्रोकच्या इंजिनात कधीही घालू नये. त्यासाठी ‘४टी’ असा उल्लेख असलेले तेलच लागते.

मोटारसायकलीच्या तेलाचे खरे वैशिष्ट्य मात्र याहून निराळे आहे. ट्रॅक्टरमध्ये इंजिनाचे तेल वेगळे आणि गिअरपेटी व हायड्रॉलिकचे वेगळे असते. मोटारकारमध्येही इंजिन व गिअर यांची तेले एकमेकांत मिसळत नाहीत. चार स्ट्रोकच्या प्रचलित मोटारसायकलीत इंजिन, गिअर व क्लच ही तिन्ही अंगे बहुधा एकाच तेलावर चालतात. क्लचच्या प्लेटा तेलात बुडालेल्या असतात. या प्लेटांचे काम एकमेकींना घट्ट धरून इंजिनाची शक्ती चाकाकडे पोहोचविणे हे आहे. म्हणजे बेअरिंग व पिस्टन यांच्या ठिकाणी ज्या तेलाने घर्षण कमी करावयाचे, त्याच तेलाने क्लचच्या ठिकाणी पुरेसे घर्षण शिल्लक ठेवावयाचे. या दोन मागण्या परस्परविरोधी आहेत, आणि त्यांचा मेळ घालूनच मोटारसायकलीचे तेल तयार केलेले असते. दुसऱ्या यंत्राचे कितीही उत्तम तेल येथे उपयोगी पडेलच असे नाही, याचे कारण हेच.

डब्यावरील आकडे व अक्षरे

तेलाच्या डब्यावर कंपनीचे नाव मोठ्या अक्षरांत व महत्त्वाच्या खुणा लहान अक्षरांत छापलेल्या असतात. विकत घेणारा पहिली गोष्ट पाहतो व दुसरी सोडून देतो. वास्तविक पाहावयाच्या खुणा तीनच आहेत: एसएई, एपीआय आणि जासो. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत या तिन्ही दिलेल्या असतात. पुस्तिका इंग्रजीत असली तरी अक्षरे व आकडे जुळवून पाहण्यास इंग्रजी येण्याची आवश्यकता नाही. शाळेत जाणारा मुलगा किंवा मुलगी हे काम सहज करू शकेल.

एसएई ही खूण तेलाचा दाटपणा सांगते. ‘१०डब्ल्यू-३०’ किंवा ‘२०डब्ल्यू-५०’ असे ती लिहिलेली असते. यातील ‘डब्ल्यू’ हे अक्षर हिवाळ्यासाठी असलेल्या इंग्रजी शब्दाचे आद्याक्षर आहे. त्याच्या आधीचा आकडा थंड स्थितीत तेल कितपत वाहते हे दर्शवितो, आणि नंतरचा आकडा तापलेल्या इंजिनात ते किती दाट राहते हे दर्शवितो. दुसऱ्या आकड्यासाठी १०० अंश सेल्सिअस हे तापमान धरले जाते. त्या तापमानास ३० या वर्गातील तेलाचा दाटपणा ९.३ ते १२.५ सेंटीस्टोक्सच्या दरम्यान, तर ५० या वर्गातील तेलाचा १६.३ ते २१.९ च्या दरम्यान असावा लागतो. तुलनेसाठी सांगावयाचे तर साध्या तापमानाच्या पाण्याचा दाटपणा या मापाने सुमारे १ भरतो.

आता खानदेशच्या हवामानाचा विचार करू. मे महिन्यात जळगाव, भुसावळ या बाजूला पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो, आणि पौष महिन्यात धुळे व साक्रीकडे पहाटे तो दहाच्याही खाली उतरतो. थंडीचा प्रश्न प्रथम निकालात काढता येतो. १०डब्ल्यू वर्गातील तेलाची थंडीतील चाचणी शून्याखाली २५ अंशांस व २०डब्ल्यू वर्गातील तेलाची शून्याखाली १५ अंशांस घेतली जाते. एवढी थंडी खानदेशात केव्हाही पडत नाही. तेव्हा थंडीने तेल गोठून गाडी अडेल ही भीती दोन्ही वर्गांच्या बाबतीत निराधार आहे. फरक पडतो तो पहिल्या काही क्षणांत. थंड इंजिनात २०डब्ल्यू-५० हे तेल १०डब्ल्यू-३० च्या सुमारे दुप्पट दाट असते. साहजिकच इंजिनाच्या माथ्यावरील भागांपर्यंत पोहोचण्यास त्याला अधिक वेळ लागतो, आणि तेवढा वेळ ते भाग कोरडे घासतात.

उन्हाळ्याचा प्रश्न अधिक वादाचा आहे. बाहेर ४५ अंश तापमान असता पातळ तेलाचे पाणी होईल, असे गावोगावी सांगितले जाते. या म्हणण्यात अर्धे तथ्य आहे. हवेने थंड होणाऱ्या इंजिनावर बाहेरच्या उन्हाचा परिणाम निश्चित होतो. परंतु चालू इंजिनातील तेल एरवीसुद्धा १०० अंशांच्या आसपास तापलेले असते, आणि इंजिनाची आखणी करणाऱ्यांनी हा हिशेब आधीच केलेला असतो. बेअरिंगमधील फट, पंपाची ताकद व तेलाच्या वाटांची रुंदी ही ठराविक दाटपणाच्या तेलासाठी बेतलेली असतात. तेथे फार दाट तेल घातल्यास ते अरुंद वाटांतून संथ वाहते, पंपावर भार येतो आणि पेट्रोलचा खर्च वाढतो. याच्या उलट, मुळात दाट तेलासाठी बनविलेल्या इंजिनात पातळ तेल घातल्यास दाब कमी पडून भाग लवकर झिजतात. दोन्ही चुका सारख्याच.

बाजारातील १०० ते १२५ सीसीच्या बहुसंख्य गाड्यांना आज १०डब्ल्यू-३० तेल सांगितलेले आढळते. काही गाड्यांना २०डब्ल्यू-५० लागते, आणि रॉयल एनफील्डच्या ३५० सीसीच्या नव्या इंजिनास १५डब्ल्यू-५० लागते. यावरून शेजाऱ्याच्या गाडीतील तेल हे आपल्या गाडीस प्रमाण होऊ शकत नाही हे दिसून येईल. काही पुस्तिकांत हवेच्या तापमानाप्रमाणे कोणते दाटपणाचे वर्ग चालतील याचा तक्ता दिलेला असतो. त्या तक्त्यात उष्ण प्रदेशासाठी २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० यांस मुभा असेल तर उन्हाळ्यात ते वापरण्यास हरकत नाही व हमीसही बाध येत नाही. तक्ता नसेल किंवा मुभा नसेल तर एकच सांगितलेला वर्ग बाराही महिने वापरावा.

उन्हाळ्यात इंजिन अतिशय तापत असल्यास तेल जाड करण्यापूर्वी सिलिंडरकडे पाहावे. त्यावर धातूच्या पातळ पट्ट्यांचे थर असतात. त्यांच्यामधून वारा जाऊन इंजिन निवते. शिवाररस्त्याची काळी माती या पट्ट्यांत बसून वाळली म्हणजे वाऱ्याची वाट बंद होते. पुढच्या गार्डला कापड अगर गोणपाट बांधण्याचीही काहींना सवय असते, त्यामुळे वारा आणखी अडतो. गाडी थंड असता माती भिजवून, मऊ ब्रशने पट्ट्या मोकळ्या कराव्यात. या कामास काही खर्च येत नाही, आणि त्याचा लाभ महागड्या तेलाहून अधिक होतो.

एपीआय ही दुसरी खूण तेलाच्या गुणवत्तेची पायरी सांगते. पेट्रोल इंजिनाच्या तेलासाठी ‘एस’ व डिझेल इंजिनाच्या तेलासाठी ‘सी’ हे अक्षर प्रथम येते, आणि त्यापुढील अक्षर वर्णमालेत जसजसे पुढे जाईल तसतशी पायरी नवी समजावी. उदाहरणार्थ, एसएल ही पायरी सन २००१ मधील, एसएन सन २०१० मधील व एसपी सन २०२० मधील आहे. पुस्तिकेत ‘एसएल किंवा त्यावरील’ असे असल्यास एसएन चालते. एसएन सांगितले असता एसएल मात्र चालत नाही. सिंथेटिक किंवा अर्धसिंथेटिक तेलाबद्दलही पुष्कळ विचारणा होते. इतर खुणा जुळत असतील तर ते वापरता येते, ते उष्णतेत अधिक टिकतेही. परंतु पुस्तिकेने साधे तेल सांगितले असता दुप्पट पैसे खर्चण्याचे कारण नाही, आणि सिंथेटिक घातले म्हणून बदलण्याची मुदत आपल्या मनाने वाढविणे हमीच्या काळात धोक्याचे आहे.

तिसरी खूण जासो. हिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते आणि मोटारसायकलीच्या बाबतीत हीच सर्वांत महत्त्वाची आहे. सन १९९० नंतरच्या दशकात मोटारकारचे पेट्रोल वाचावे म्हणून तेलात घर्षण कमी करणारी द्रव्ये मिसळण्यात येऊ लागली. कारला ती हितकारक ठरली, पण तेच तेल मोटारसायकलीत घातले असता क्लचच्या प्लेटा घसरू लागल्या. हा दोष टाळण्यासाठी जपानच्या वाहनमानक संस्थेने सन १९९८ मध्ये चार स्ट्रोकच्या मोटारसायकलींसाठी तेलाचे स्वतंत्र मानक ठरविले. तेलात बुडालेल्या क्लचसाठी ‘एमए’ व ज्यांचा क्लच तेलात नसतो त्यांच्यासाठी ‘एमबी’ असे त्याचे दोन वर्ग आहेत. पुढे २००६ मध्ये एमएचे एमए१ व एमए२ असे पोटविभाग पडले. एमए२ मध्ये क्लचची पकड अधिक राहते. डब्यावर लहान चौकटीत ही खूण छापलेली असते.

गिअर नसलेल्या स्कूटरचा क्लच तेलाबाहेर असतो, म्हणून पुष्कळ स्कूटरींना एमबी तेल सांगितलेले असते. एका घरात मुलीची स्कूटर व वडिलांची मोटारसायकल असल्यास स्कूटरचा उरलेला डबा मोटारसायकलीत ओतण्याचा मोह होतो. दोन्ही डब्यांवर १०डब्ल्यू-३० असे लिहिलेले असते आणि फसगत होते ती येथेच. डब्यांवर घरीच मोठ्या अक्षरांत ‘स्कूटर’ व ‘मोटारसायकल’ असे लिहून ठेवावे.

ट्रॅक्टरचे तेल मोटारसायकलीत

ज्या घरी ट्रॅक्टर आहे तेथे १५डब्ल्यू-४० तेलाचा मोठा डबा बहुधा असतोच. ते तेल हलक्या प्रतीचे असते असे मुळीच नाही. डिझेलच्या इंजिनात काजळी फार होते. ती धरून ठेवण्याचे व आम्लाचा प्रतिकार करण्याचे सामर्थ्य त्यात भरपूर असते. परंतु तेलात भिजलेल्या क्लचची पकड त्यात कशी राहील याची कसोटी सामान्यतः घेतलेली नसते, व जासोची खूणही डब्यावर नसते. वाहनाचा दाटपणाही पुस्तिकेशी जुळत नाही. अशा तेलावर काही गाड्या कित्येक दिवस तक्रार न करता चालतात हे खरे. त्यावरूनच हा सल्ला फैलावतो. पण पाल किंवा तोरणमाळच्या बाजूला सातपुड्याचा चढ लागला, किंवा दोन माणसे व दुधाचे कॅन घेऊन कन्नडचा घाट चढण्याची वेळ आली, म्हणजे इंजिनाचा आवाज वाढतो आणि गाडीचा वेग मात्र वाढत नाही. क्लच घसरत असल्याचे हे लक्षण होय. प्लेटा एकदा जळाल्या की योग्य तेल घालूनही त्या पूर्ववत होत नाहीत. हमीच्या मुदतीत असे झाले तर इंजिनातून निघालेले तेलच मालकाविरुद्ध पुरावा ठरते.

हमी कशी टिकते

हमीपत्रातील मजकूर कारखान्यागणिक वेगळा असतो, म्हणून गाडी घेतानाच तो कोणाकडून तरी वाचून घ्यावा. सर्वसाधारणपणे त्यात तीन अटी आढळतात: ठरलेल्या सर्व सेवा अधिकृत केंद्रात वेळेवर झालेल्या असाव्यात, सांगितलेल्या प्रतीचे तेल वापरलेले असावे, आणि गाडीत परस्पर फेरफार केलेला नसावा. पहिली सेवा बहुधा ५०० ते १,००० किलोमीटरच्या आत असते. ती चुकवू नये. नव्या इंजिनाचे भाग एकमेकांवर बसताना धातूचा बारीक चुरा तेलात उतरतो, आणि तो पहिल्या तेलाबरोबर बाहेर काढावा लागतो. पेरणीची घाई किंवा कापसाची वेचणी चालू आहे म्हणून ही सेवा दोन महिने लांबणीवर पडल्याची उदाहरणे नेहमी घडतात, आणि मुदत किलोमीटरप्रमाणेच दिवसांतही मोजली जाते याचा विसर पडतो. दोहोंपैकी जी आधी संपेल ती मुदत खरी.

कंपनीच्या नावाचेच तेल घातले पाहिजे काय, हा प्रश्न अनेकांना पडतो. मोटारसायकलीचे कारखाने सामान्यतः स्वतः तेल तयार करीत नाहीत. तेल कंपन्यांकडून ठरलेल्या प्रतीचे तेल आपल्या नावाच्या डब्यात भरून घेतात. त्यामुळे पेट्रोल पंपावर मिळणाऱ्या सर्व्हो, मॅक किंवा एचपीच्या ४टी तेलाच्या तिन्ही खुणा पुस्तिकेशी तंतोतंत जुळत असतील, तर इंजिनाच्या दृष्टीने त्यात गैर काही नाही. हमीच्या दृष्टीने मात्र थोडा वेगळा विचार करावा लागतो. मोटारकारच्या १४ कंपन्यांविरुद्धच्या प्रकरणात भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी असा आदेश दिला होता की, बाहेरच्या कारागिराकडे काम केले एवढ्याच कारणावरून संपूर्ण हमी रद्द करण्याची सरसकट अट घालू नये. बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढे नुकसान झाले असेल तेवढ्यापुरतीच हमी नाकारता येईल. तो आदेश मोटारकारबाबतचा होता व त्यावर अपिलेही झाली. मोटारसायकलीच्या मालकाने त्यावर विसंबून राहू नये, तथापि त्यामागील न्याय ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

व्यवहार असा ठेवावा की, हमी चालू असेपर्यंत ठरलेल्या सेवेतील तेलबदल अधिकृत केंद्रातच करावा. बाहेर पन्नास रुपये वाचले तरी पुढे वाद निघाल्यास तिन्ही खुणा जुळत होत्या हे सिद्ध करण्याचे ओझे अखेर शेतकऱ्यावरच येऊन पडते. दोन सेवांच्या मध्ये भर घालावी लागली तर त्याच वर्गाचे तेल सीलबंद डब्यातून घ्यावे व त्याची पावती घ्यावी. केंद्रातही डोळे उघडे ठेवले पाहिजेत. तेथे पुष्कळदा मोठ्या पिंपातून नळीने तेल भरतात. ते कोणत्या वर्गाचे आहे हे विचारण्यात भीड बाळगू नये, आणि कामाच्या पत्रकावर तेलाचा वर्ग, माप व किलोमीटरचा आकडा लिहून घ्यावा. सेवापुस्तिकेत शिक्का मारून घेतल्याशिवाय केंद्र सोडू नये. शिक्का राहून गेला व पुढे नोंद सापडली नाही, तर केलेली सेवाही न केल्यासारखी होते. पावत्या सातबाऱ्याच्या व पीककर्जाच्या कागदांबरोबर जपून ठेवाव्यात आणि मोबाइलवर त्यांची छायाचित्रे घेऊन ठेवावीत, कारण पावत्यांवरील शाई वर्ष-दोन वर्षांत उडून जाते.

समजा, शिरपूर तालुक्यातील एका शेतकऱ्याचे इंजिन हमीच्या मुदतीतच जाम झाले आणि केंद्राने ‘तेल चुकीचे वापरले’ असे सांगून दुरुस्ती नाकारली. अशा वेळी त्याने नकार लेखी मागावा. इंजिनातून काढलेले तेल फेकू न देता त्याचा नमुना स्वच्छ कोरड्या बाटलीत, उभयतांच्या समक्ष सील करून ठेवण्याचा आग्रह धरावा. त्यानंतर कारखान्याच्या ग्राहक विभागास लेखी तक्रार करावी, व तेथे दाद न लागल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर तक्रार नोंदवावी. एवढ्याने भागले नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. आयोग जळगाव व धुळे या दोन्ही ठिकाणी आहेत. तक्रारदार जेथे राहतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करण्याची सोय या कायद्याने केलेली आहे, म्हणून कारखान्याच्या गावी हेलपाटे घालावे लागत नाहीत. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल करावी. पाच लाख रुपयांपर्यंत किमतीच्या वस्तूसाठी फी नाही, आणि वकील दिलाच पाहिजे असेही नाही. मात्र तेथे हाती पावत्या व शिक्क्यांची पुस्तिका असल्याशिवाय बाजू उभी राहत नाही.

तेल केव्हा पाहावे, केव्हा बदलावे

बदलण्याची मुदत पुस्तिकेत असते. आजच्या पुष्कळ गाड्यांना ती ३,००० ते ६,००० किलोमीटर इतकी असते. हे आकडे चांगल्या रस्त्यावरील सामान्य वापराचे आहेत. धूळ, ओझे व तुटक फेऱ्या असा वापर असल्यास लवकर बदलावे, असे पुष्कळ पुस्तिकांतच म्हटलेले असते, आणि रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यातील किंवा पारोळा-शिंदखेड्याच्या कोरडवाहू शिवारातील गाडी याच वर्गात मोडते. दोन किलोमीटरवरील मळ्यात जाऊन लगेच थांबणाऱ्या गाडीचे इंजिन पुरते तापतच नाही. परिणामी तेलात उतरलेला ओलावा व पेट्रोलचा अंश उडून जात नाही. अशा गाडीचा किलोमीटरचा आकडा लहान दिसतो, पण तेल खराब झालेले असते.

पातळी दर पंधरा दिवसांनी पाहावी. इंजिन दोन-तीन मिनिटे चालवून बंद करावे, तेल खाली उतरण्यास तेवढाच वेळ द्यावा, आणि गाडी सपाट जागी मधल्या स्टँडवर सरळ उभी असता पट्टीवरील दोन खुणांमध्ये तेल आहे काय ते पाहावे. काही गाड्यांना पट्टीऐवजी काचेची लहान खिडकी असते. पट्टी आट्यांत फिरवून पाहावयाची की नुसती टेकवून, हे गाडीप्रमाणे बदलते. पुस्तिकेत ते चित्रासह दिलेले असते. वरच्या खुणेपलीकडे तेल भरल्याने इंजिनास बळ येत नाही, उलट फेस होऊन तेल बाहेर फेकले जाते. १०० सीसीच्या गाडीत सारे तेल मिळून पाऊण ते एक लिटरच मावते, म्हणून त्यातील पावशेर कमी झाले तरी उणीव मोठी समजावी.

तेलाचा काळा रंग हे खराबीचे लक्षण नव्हे. मळ धरून ठेवणारे तेल काळे होणारच. ते ताकासारखे पांढरट दिसू लागले तर मात्र त्यात पाणी शिरले आहे असे समजावे. पावसाळ्यात नाल्याच्या पुरातून गाडी काढल्यावर हे घडते. असे इंजिन सुरू न करता केंद्रास कळवावे. हवेच्या फिल्टरकडेही याच दृष्टीने पाहिले पाहिजे. तो फाटला अगर धुळीने भरला म्हणजे काळ्या मातीचे बारीक कण सिलिंडरमध्ये व तेथून तेलात जातात, आणि तेल कितीही भारी असले तरी इंजिन कानसल्यासारखे झिजते. तेलकट कागदाचा फिल्टर फुंकून किंवा धुऊन पुन्हा बसवू नये. तो बदलावाच लागतो.

खरेदी व वापरलेले तेल

आठवडी बाजारात व रस्त्यालगतच्या टपऱ्यांवर सुटे तेल स्वस्त मिळते. वापरलेले तेल गाळून, रंग देऊन विकण्याचे प्रकार होतात, आणि नामांकित कंपन्यांचे रिकामे डबे पुन्हा भरूनही विकले जातात. म्हणून झाकणाची कडी अखंड आहे काय, तुकडी क्रमांक व भरल्याची तारीख स्पष्ट आहे काय हे पाहावे, आणि पक्की पावती न देणाऱ्या दुकानातून तेल घेऊ नये. रिकामा डबा भंगारवाल्यास देण्यापूर्वी त्यास खिळ्याने भोके पाडावीत.

इंजिनातून काढलेले तेल घरी आणून बैलगाडीच्या आसास, विहिरीवरील लाकडास किंवा गोचीड पडलेल्या जनावरांच्या अंगास लावण्याची रीत काही गावांत आहे. जनावरांच्या अंगास ते कदापि लावू नये. त्यात धातूचा चुरा व जळालेल्या पेट्रोलचे विषारी अंश असतात, ते कातडीतून व चाटण्यातून पोटात जातात. बांधावर, चारीत किंवा विहिरीच्या आसपास ते ओतल्यास पाणी पिण्याजोगे राहत नाही. सन २०१६ च्या नियमांप्रमाणे वापरलेले तेल घातक कचऱ्यात गणले जाते. अधिकृत केंद्रात तेल बदलल्यास ते तेथेच गोळा होऊन पुढे शुद्धीकरणासाठी जाते. हमी संपल्यावर गावातील मिस्तरीकडे किंवा घरी तेल बदलणाऱ्यांनी ते जुन्या डब्यात भरून, झाकण घट्ट लावून, तालुक्याच्या गावी पुढील खेपेस जाताना केंद्रात द्यावे.